बारीक आवाज, जाड आवाज

विज्ञान हा माझा विषय नाही. मी अकोल्यात उर्दू शाळेत मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूही. पण काही वर्षांपूर्वी आमचे विज्ञानाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा लवकर भरली गेली नाही आणि आठवीचा विज्ञानाचा तास माझ्याकडे आला. "किताब तो उर्दू में ही है, पढा दो," असं मला सांगण्यात आलं. मीही मान डोलावली. बी.एड. झालेल्या माणसाला वाटतं, शिकवण्याची रीत माहीत असली की कुठलाही विषय शिकवता येतो.

ताऱ्यांचा धडा चालू होता. शिकवता शिकवता मी सांगून टाकलं की विश्व पसरत आहे, दूरदूरच्या दीर्घिका, म्हणजे आपण उर्दूत ज्यांना कहकशाँ म्हणतो त्या, आपल्यापासून लांब लांब जात आहेत. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.

"टीचर, वो दूर जारे ये मालूम कैसे पडा? वहाँ फीता लेके कोई गया था क्या?"

वर्ग हसला. मला उत्तर माहीत नव्हतं, पण कुठेतरी 'लाल' हा शब्द वाचल्याचं आठवत होतं. मी म्हटलं, "दूर जाणाऱ्या वस्तूचा प्रकाश लाल होतो. शास्त्रज्ञांना तारे लाल दिसले, त्यावरून कळलं." ती क्षणभर उभी राहिली, काही विचारणार असं वाटलं, मग खाली बसली.

त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात तिने हाच विषय घेतला. थर्माकोलचं काळं आकाश, त्यात लाल आणि निळे छोटे बल्ब. लाल म्हणजे दूर जाणारे, निळे म्हणजे जवळ येणारे. परीक्षक आले, त्यांनी शांतपणे विचारलं, "बेटा, रोहिणी तारा तांबूस दिसतो. तो दूर जातो म्हणून तांबूस आहे का?" ती म्हणाली, "जी सर." ते म्हणाले, "नाही. तो सूर्यापेक्षा थंड आहे म्हणून तांबूस आहे. हे तुला कोणी सांगितलं?"

मी टेबलाच्या मागे उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "किताब में पढा, सर."

परत येताना ऑटोत ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर थर्माकोलचं आकाश. ती काही बोलली नाही. मीही नाही.

नंतर मी शोधायला लागले. शोधता शोधता जिथे पोचले ते ठिकाण माझ्या ओळखीचं निघालं. ते होतं मूर्तिजापूरचं रेल्वे फाटक.

फाटकाजवळ माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अब्बा उर्दू चौथी शिकलेले. दिवसभर मान खाली, हात पाण्याच्या घमेल्यात, ट्यूबमधले बुडबुडे शोधत. न थांबणाऱ्या मेल गाड्या शिटी वाजवत धडाडत निघून जायच्या. अब्बा मान वर न करता सांगायचे, "आ री," आणि मग, "गई." मी एकदा विचारलं, न बघता कसं कळतं? म्हणाले, "सुन ना. आती तो बारीक बोलती, जाती तो मोटी बोलती."

हाच तो नियम. गाडी शिटी वाजवत आपल्याकडे येते तेव्हा प्रत्येक पुढची लाट थोडी अधिक जवळून निघते, लाटा दाटीने कानावर येतात, आवाज बारीक होतो. गाडी पुढे निघून गेली की प्रत्येक लाट थोडी अधिक लांबून निघते, लाटा विरळ होतात, आवाज जाड होतो. ताशी ११० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची शिटी आपल्यासमोरून जाताना जवळजवळ कोमल गंधारावरून षड्जावर उतरते. गाडीचा ड्रायव्हर मात्र सारा वेळ एकच सूर ऐकत असतो.

प्रकाशही लाटांचाच असतो. १८४२ साली प्राग शहरात ख्रिस्तिआन डॉप्लर या प्राध्यापकाने हा नियम मांडला. पुढचं वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं. डॉप्लरच्या त्या निबंधाचा विषय होता जोडताऱ्यांचे रंग. त्याचं म्हणणं असं की जवळ येणारा तारा निळसर दिसतो, दूर जाणारा तांबूस, आणि ताऱ्यांचे वेगवेगळे रंग या हालचालीमुळेच आहेत. म्हणजे जी चूक मी आठवीच्या वर्गात केली, तीच चूक हा नियम शोधणाऱ्यानेही केली होती! नियम बरोबर, पण त्यावरून ताऱ्यांच्या रंगाबद्दल काढलेला निष्कर्ष चुकीचा.

नियम बरोबर असल्याचं सिद्ध झालं तेही रेल्वेवरच. १८४५ साली हॉलंडमध्ये बॉइस बॅलट या शास्त्रज्ञाने गाडीवर तुतारी वाजवणारे बसवले आणि रुळाच्या कडेला सुरांचे जाणकार उभे केले. गाडी आली, गेली. सूर खरोखर वरून खाली आला. पण याच माणसाने डॉप्लरची रंगांची गोष्ट खोडून काढली.

कशी, ते मला बाकावरच्या मुलांवरून समजलं. वर्णपट म्हणजे एक लांब बाक समजा. एका टोकाला जांभळा, दुसऱ्या टोकाला लाल, मध्ये बाकीचे रंग. तारा दूर जाऊ लागला की सगळे लाल टोकाकडे थोडे थोडे सरकतात. लाल टोकाचा एखादा बाकावरून उतरतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात जातो. पण जांभळ्या टोकाला आजवर न दिसणारा अतिनील येऊन बसतो. बाक भरलेलाच! लांबून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. त्यात सरकणंही अगदी थोडं असतं. ताशी ११० किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या दिव्याच्या प्रकाशात पडणारा फरक एक कोटीत एक इतका आहे.

मग सरकणं ओळखायचं कसं? बाकावर कुणाची जागा कुठली, हे आधीपासून माहीत असेल तर. १८४८ साली फ्रान्सच्या इपोलित फिझोने हेच सांगितलं. रंग बघू नका, रेषा बघा.

या रेषा जर्मनीतल्या जोसेफ फ्राउनहोफर या काच बनवणाऱ्या कारागिराने १८१४ पासून मोजल्या होत्या. सूर्यप्रकाश लोलकातून नीट पसरवला की इंद्रधनुष्यी पट्ट्यात शेकडो बारीक काळ्या रेषा दिसतात. १८५९ मध्ये किरचॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या आहेत. गॅसच्या ज्योतीवर मिठाचे कण पडले की ज्योत पिवळी होते, तो सोडियमचा पिवळा. त्याच्या दोन जुळ्या रेषा ५८९ आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ वर. आपल्या स्वयंपाकघरात असो की ताऱ्यावर, जागा तीच. ताऱ्याच्या वर्णपटात ही रेषा तिच्या जागेवर सापडली नाही, थोडी बाजूला सापडली, तर जेवढी बाजूला तेवढा वेग. लाल बाजूला म्हणजे दूर जाणं, निळ्या बाजूला म्हणजे जवळ येणं.

आता परीक्षकांची रोहिणी घ्या. अरबांनी तिला 'अद-दबरान' म्हटलं, म्हणजे मागे मागे चालणारा, कारण आकाशात ती कृत्तिकांच्या, आपल्या सुरैयाच्या, पाठोपाठ चालते. ती तांबूस आहे कारण तिचा पृष्ठभाग सुमारे ३,६०० अंश सेल्सिअसचा आहे, सूर्याचा साडेपाच हजार. पण गंमत अशी की रोहिणी खरोखरच आपल्यापासून दूर जाते आहे, सेकंदाला सुमारे ५४ किलोमीटर. यामुळे तिची हायड्रोजनची रेषा सरकते किती? साधारण ०.१२ नॅनोमीटर. डोळ्यांना हा फरक कधीच कळणार नाही. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचं उत्तर 'दूर जाते' एवढं बरोबर होतं. कारण चुकीचं होतं, आणि ते कारण मी दिलेलं होतं.

पहिल्यांदा ताऱ्याचा वेग असा मोजायचा प्रयत्न १८६८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हगिन्सने केला. तारा निवडला व्याध, अरबीत 'शिअरा', ज्याचं नाव सूरह नज्ममध्ये येतं. हगिन्स म्हणाला, व्याध दूर जातो आहे. आज आपल्याला माहीत आहे की तो जवळ येतो आहे, सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास. डोळ्याने रेषा बघून अंदाज घेण्याच्या त्या काळात दिशाच चुकली. पण त्याने रीत उघड मांडली होती, म्हणून पुढच्यांना ती सुधारता आली. हे वाचून मला थोडं बरं वाटलं. थोडंसंच.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येते. अकोल्याहून नागपूरला जाताना बडनेरा, चांदूर, धामणगाव मागे पडलं की पुलगावच्या आधी एक लहानसं स्टेशन लागतं, तळणी. अमरावती जिल्ह्यातलं. मोठ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणात विजयदुर्गावरून शिरून वऱ्हाडावरून गेली, तेव्हा ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी आपला तळ या तळणीला टाकला होता. ग्रहणाची खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्यासाठी ही माणसं इंग्लंडहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने दुर्बिणींच्या पेट्या घेऊन आली.

त्यांत ॲनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या आकडेमोडीचं काम करायच्या. १८९५ मध्ये लग्न झालं आणि त्या काळच्या सरकारी नियमामुळे नोकरी सोडावी लागली. नोकरी गेली, काम सोडलं नाही. तळणीच्या आकाशात त्यांनी आपल्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा लांबच लांब पसरलेला झोत टिपला. आणि त्याच तळावर जॉन एव्हरशेड होते, हौशी खगोल अभ्यासक. सूर्याच्या कडेवरच्या वायूंचा वर्णपट त्यांनी तळणीला छायाचित्रात पकडला.

या एव्हरशेड यांचं पुढे काय झालं ते आपल्या विषयाचंच आहे. १९०७ मध्ये ते तामिळनाडूतल्या कोडाईकनाल वेधशाळेत नोकरीला आले. जानेवारी १९०९ मध्ये सूर्यावरच्या डागांचे वर्णपट घेताना त्यांना दिसलं की डागाच्या एका बाजूला रेषा किंचित लालकडे झुकल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला किंचित निळ्याकडे. म्हणजे डागाच्या मधून वायू बाहेरच्या बाजूला वाहतो आहे, सेकंदाला दोनेक किलोमीटरने. दीड लाखात एक इतकं ते सरकणं. जगभरची पुस्तकं याला 'एव्हरशेड परिणाम' म्हणतात. सूर्यावर न जाता, फीता न लावता, तिथला वारा मोजला गेला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जाताना मी खिडकीपाशी बसून तळणीची वाट पाहत होते. स्टेशनची पाटी आली, गेली. समोरच्या काकांनी विचारलं, "कोणी राहतं का इथं तुमचं?" मी त्यांना १८९८ ची गोष्ट सांगितली, ग्रहण, माँडरबाई, एव्हरशेड, सगळं. काकांनी लक्ष देऊन ऐकलं. शेवटी माझ्या हिजाबकडे पाहत कौतुकाने म्हणाले, "तुमची मराठी छान आहे हो!" मी म्हटलं, "मराठीच शिकवते, काका." आणि आम्ही दोघंही हसलो.

तर आता दीर्घिका. आपली सर्वांत जवळची मोठी दीर्घिका देवयानी. अंधाऱ्या रात्री, शहरापासून दूर गेलात तर नुसत्या डोळ्यांनी पुसट ढगासारखी दिसते. इराणमधले खगोलशास्त्रज्ञ अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास आपल्या तारकांच्या ग्रंथात तिची 'लहान ढग' अशी नोंद केली. हजार वर्षांनी, १९१२ मध्ये, अमेरिकेत व्हेस्टो स्लायफरने त्याच ढगाचा वर्णपट घेतला. प्रकाश इतका मंद की एकेका छायाचित्राला तासन्‌तास लागत. रेषा निळ्याकडे सरकलेल्या निघाल्या, सुमारे हजारात एक. देवयानी सेकंदाला ३०० किलोमीटरने आपल्याकडे येत होती! पण पुढे १९१७ पर्यंत त्याने अशा २५ दीर्घिका मोजल्या, त्यांतल्या २१ दूर जात होत्या. मग १९२७ मध्ये बेल्जियमचे लमेत्र आणि १९२९ मध्ये अमेरिकेचे हबल यांनी अंतर आणि वेग यांचा मेळ घातला. जितकी दीर्घिका दूर, तितकी रेषा अधिक लालकडे. दीर्घिकांच्या मधली जागाच पसरत आहे, आणि वाटेत असलेली लाटही तिच्याबरोबर ताणली जाते.

इथे एक गोष्ट बोलून टाकते. हे सगळं मी एका नातेवाइकांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मोबाईल काढून मला एक संदेश दाखवला, की विश्व पसरतं हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलं आहे. स्टाफरूममध्येही दुसऱ्या बाजूने असेच संदेश येत असतात. माझी श्रद्धा माझ्याजवळ आहे, तिला स्लायफरच्या सहीची गरज नाही. आपल्याला अभिमान वाटायचाच असेल तर अस-सूफींचा वाटावा. ते रात्री जागले, दिसलं ते पाहिलं आणि जसं दिसलं तसं लिहिलं. आधीच ठाऊक होतं, असं म्हणत बसले नाहीत.

लाट ताणली जाण्याची मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडली आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. हायड्रोजनचा वायू रेडिओ लहरीही सोडतो, त्यांची लांबी ठरलेली, २१ सेंटीमीटर. दूरच्या दीर्घिकेतून निघालेली हीच लाट वाटेत ताणली जाऊन चाळीस-बेचाळीस सेंटीमीटरची होऊन खोडदला पोचते. पण एका दीर्घिकेचा आवाज इतका क्षीण की ऐकूच येत नाही. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी काय केलं? ७,६५३ दीर्घिका घेतल्या. प्रत्येकीचं सरकणं दृश्य प्रकाशातल्या रेषांवरून आधीच माहीत होतं. प्रत्येकीची लाट जेवढी सरकली तेवढी मागे आणून एकमेकींवर ठेवली आणि सगळ्यांची बेरीज केली. तेव्हा कुठे सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा एकत्र आवाज ऐकू आला.

हे सगळं समजून घ्यायला मला काही महिने लागले. तोवर ती मुलगी नववीत गेली होती आणि विज्ञानाला नवे सर आले होते. माझा मराठीचा तास होता. मी पुस्तक बंद केलं आणि म्हटलं, "गेल्या वर्षी मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली." वर्ग गप्प झाला. शिक्षक असं म्हणत नाहीत.

एक खोकं नेलं होतं. एका बाजूला ब्लेडने पाडलेली बारीक फट, आत तिरका बसवलेला जुन्या सीडीचा तुकडा, वर डोळा लावायला भोक. मुलींनी आळीपाळीने वर्गातली ट्यूबलाइट पाहिली, तेव्हा रंगांच्या पट्ट्यात वेगळ्या चमकणाऱ्या रेषा दिसल्या. मग स्पिरिटच्या दिव्यावर मीठ टाकलं, पिवळी रेषा दिसली. सूर्याकडे हे खोकं कधीच धरायचं नाही, हेही बजावलं. मग बाक, त्यावरची मुलं, सरकणं, सगळं करून दाखवलं. खऱ्या बाकावर, खऱ्या मुलींना सरकवून. पहिल्या बाकावरची एक पडलीसुद्धा.

मग मी अब्बांचं वाक्य सांगितलं. आती तो बारीक, जाती तो मोटी.

तास संपल्यावर ती मागे थांबली. मी म्हटलं, "प्रदर्शनात तू माझं नाव का नाही घेतलंस?" ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "टीचर, मेरे को उसी दिन शक आया था. सुबह का सूरज भी तो लाल रहता. वो कहाँ दूर जाता?"

"मग विचारलं का नाहीस?"

"आपने बोला था ना. तो मेरे को लगा मेरा ही गलत होगा."

ती आता अकरावी विज्ञानाला आहे. अचानक सगळं इंग्रजीत आल्यामुळे कधी कधी फोन करते, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारते. मी उर्दूत सांगते, मराठीत सांगते, मग दोघी मिळून इंग्रजीत काय असेल ते शोधतो. आणि दर वेळी फोन ठेवण्याआधी मी तिला विचारते, "और क्या शक है? बोल."